हुंकाऱ्यावाचून गोष्ट

पुस्तकाची प्रस्तावना दुसऱ्याने लिहायची असते आणि तो दुसरा लेखकापेक्षा वयाने, मानाने, गेला बाजार पुरस्काराने तरी मोठा असावा लागतो, एवढं मलाही ठाऊक आहे. त्यासाठी या पुस्तकाचं बाड बगलेत मारून मी काही थोरांचे उंबरे झिजवले. एकांनी "ठेवून जा" म्हटलं. ते बाड अजून तिथंच ठेवलेलं आहे. दुसऱ्यांनी मात्र खरोखर वाचलं आणि चष्मा काढत विचारलं, "हे कथा कशी लिहावी याचं पुस्तक आहे, का कशी लिहू नये याचं?" मी म्हणालो, "लिहायला बसल्यावर माणसाचं काय होतं, याचं." त्यांनी आत आवाज देऊन चहा सांगितला. चहा झाला, पावसापाण्याचं बोलणं झालं, प्रस्तावनेचं पुन्हा निघालं नाही. शेवटी प्रकाशक म्हणाले, तुम्हीच लिहा. नाहीतरी सगळं पुस्तक तुमच्याच फजितीचं आहे, आणखी चार पानांनी काय बिघडतं?

तर विषय आहे कथा लिहायला शिकणाऱ्या माणसाचा. मराठी विनोदाने नवकवीला पुष्कळ झोडपलं. अत्र्यांनी 'झेंडूची फुले'मध्ये रविकिरण मंडळाच्या कवींची जी हजेरी घेतली, त्यानंतर मराठीत कविता करणारा माणूस जरा इकडंतिकडं बघूनच वही उघडतो. नवा कथाकार मात्र या तडाख्यातून सुटला. कारण उघड आहे. कवी कविता घेऊन चारचौघांत येतो, ऐकवल्याशिवाय सोडत नाही, म्हणून सापडतो. कथा लिहिणारा रात्री घरचे झोपल्यावर लिहितो, सकाळी वाचतो, फाडतो आणि कामाला जातो. त्याचे हाल घराबाहेर कुणाला दिसत नाहीत, आणि घरच्यांना वाटतं, हिशेब जुळत नसेल.

माझ्या बाबतीत तसं वाटणं साहजिकच होतं. मी परभणीच्या मोंढ्यात एका अडत दुकानावर मुनीम आहे. राहायला पोखर्णीला. परभणीहून गंगाखेडकडं जाणाऱ्या रस्त्यावरचं हे गाव. रेल्वेच्या पाटीवर त्याचं नाव 'पोखर्णी नृसिंह' असं देवासकट लिहिलेलं आहे. नृसिंहाचं देऊळ जुनं आणि नावाजलेलं, दर्शनाला लांबून माणसं येतात. साहित्याच्या नकाशावर गावाची नोंद नाही, पण अगदीच आडबाजूला आहोत असंही नाही. 1995 साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन परभणीला भरलं, नारायण सुर्वे अध्यक्ष होते. 1998 साली ते परळी वैजनाथला भरलं, द. मा. मिरासदार अध्यक्ष होते. परभणी-परळी हा एकच लोहमार्ग आणि पोखर्णी त्याच्यावर. म्हणजे तीन वर्षांत मराठी साहित्य परभणीहून परळीला गेलं ते आमच्या स्टेशनावरून गेलं. उतरलं कुणी नाही, एवढंच.

उतरलं असतं तर त्याला इथं गोष्टींचा तोटा दिसला नसता. मोंढ्यात लिलावाची वाट बघत बसलेला माणूस गोष्ट सांगतो. एसटी चुकलेला माणूस गोष्ट सांगतो. सोयाबीनची थप्पी लावून पोत्यावर टेकलेल्या दोन शेतकऱ्यांचं बोलणं मी एकदा हिशेबाची पट्टी लिहिता लिहिता ऐकत होतो.

"सोयऱ्याकडं गेल्तो, मोटार मागायला."

"हूं."

"दार बंद."

"मंग?"

"कडी बाहीरून."

"आन् मोटार?"

"मोटार चालू. हिरीतून आवाज यायलाय."

"आँ? कुणी लावली?"

"त्येच म्हनायलो न मी!"

माझी पट्टी तिथंच थांबली. मोटार कुणी लावली हे कळल्याशिवाय मला बेरीज करवेना. त्या रात्री घरी जाऊन मी तीच गोष्ट लिहायला बसलो. पहिल्या पानावर सूर्य मावळत होता. दुसऱ्या पानावर पाखरं घरट्याकडं परतत होती आणि नायकाच्या मनात विचारांचं काहूर माजलं होतं. सोयऱ्याच्या दारापर्यंत तो पोचला तिसऱ्या पानाच्या तळाशी, तेव्हा इतका अंधार पडला होता की कडी आतून आहे का बाहेरून, हे त्यालाही दिसलं नसतं. मोटारीचं तर मी विसरूनच गेलो.

या पुस्तकाचा सगळा विषय एवढाच आहे. तोंडाने सांगताना जी गोष्ट सरळ चालते, ती कागदावर आली की लंगडायला का लागते? पुष्कळ वर्षं मला वाटायचं, आपली भाषा कमी पडते, वाचन कमी पडतं, परभणीहून पुणं लांब पडतं. मग लक्षात आलं की त्या पोत्यावर बसलेल्या दोघांपैकी गोष्ट सांगणारा एक होता, पण गोष्ट चालवणारे दोघं होते. "मंग?" "आन् मोटार?" हे म्हणणारा नसता तर सांगणारा पहिला अर्धा तास सोयऱ्याच्या नात्यागोत्यातच अडकला असता. आमच्याकडं लहानपणी आत्या गोष्ट सांगायची तेव्हा आधी बजावायची, हुंकारा दिला नाही तर गोष्ट बंद. आम्हाला वाटायचं, आम्ही झोपलो का जागे आहोत हे तिला बघायचं असतं. खरं तर आमच्या हुंकाऱ्याच्या आवाजावरून ती राक्षसाची उंची ठरवत असे. हुंकारा क्षीण झाला की राक्षस वाढायचा.

कागद हुंकारा देत नाही. पांढऱ्याशुभ्र तोंडाने नुसता बघत राहतो, आणि लिहिणाऱ्याला वाटतं, याला सगळंच आवडतंय.

मी आधी पुस्तकांची मदत घेतली. जुन्या पुस्तकांच्या ढिगात ना. सी. फडक्यांचं 'प्रतिभासाधन' मिळालं. 1931 सालचं पुस्तक. कथा-कादंबरीला तंत्र असतं आणि ते शिकता येतं, हे फडक्यांनी मराठीत ठासून मांडलं. त्या काळात या गोष्टीने किती उत्साही लोकांना लेखणी हाती धरायला लावलं असेल, याची कल्पना येते; मलाही धरायला लावलंच. मी वहीत रकाने पाडले. खतावणी लिहिण्याचा हात, त्यामुळे रकाने उत्तम पडले. एका रकान्यात पात्रं, एकात प्रसंग, एकात गुंतागुंत, शेवटच्यात उकल. जमा आणि नावे बाजू जुळली की कथा तयार. हे चाललेलं असतानाच वाचनालयात नवकथेवरचं पुस्तक हाती लागलं. त्यात वाचलं की गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे, व्यंकटेश माडगूळकर ही मंडळी दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास पुढं आली आणि त्यांनी कथेला या आखीव तंत्राच्या चौकटीतून बाहेर काढलं. म्हणजे ज्या आठवड्यात मी तंत्र शिकलो, त्याच आठवड्यात ते मोडायलाही शिकलो. मधे कथा लिहायची राहून गेली.

फडक्यांची टिंगल करायचा इथं हेतू नाही. ती करणं आता फार सोपं झालंय आणि बहुतेक ती त्यांना न वाचणारेच करतात. माझी अडचण निराळी होती. उत्कंठा म्हणजे काय, हे मी पुस्तकात शोधत होतो आणि ज्या गावात राहत होतो त्याचा देव नृसिंह होता.

वैशाख शुद्ध चतुर्दशीला नृसिंह जयंती. त्या सुमारास कीर्तनात प्रल्हादाचं आख्यान ऐकलं नाही असा पोखर्णीचा माणूस विरळा. आता कथा लिहिणाऱ्याच्या नजरेने ते आख्यान बघा. हिरण्यकशिपू वर मागतो. मला मरण दिवसा नको, रात्री नको. घरात नको, घराबाहेर नको. जमिनीवर नको, आकाशात नको. माणसाच्या हातून नको, जनावराच्या हातून नको. शस्त्राने नको, अस्त्राने नको. लिहिणाऱ्याने आपल्या पात्राला एवढ्या सवलती दिल्या तर कुठलाही संपादक म्हणेल, आता याला मारणार कसा, कथा अडकली. आणि तिथंच कथा सुरू होते. ऐकणाऱ्यासमोर एकेक दार बंद होत जातं. शेवटी सांजवेळ येते, जी दिवस नाही आणि रात्र नाही. उंबरठा येतो, जो घरात नाही आणि बाहेर नाही. मांडी येते. नखं येतात. बाहेरून काहीच आणलेलं नाही. राक्षसाने ज्या अटी घातल्या त्यांच्याच फटीतून त्याचं मरण निघालं. आपल्या कथेचा शेवट त्याने पहिल्याच प्रकरणात स्वतःच्या तोंडाने सांगून ठेवला होता, फक्त उलट्या बाजूने.

हे आख्यान रंगवणारे एक कीर्तनकार मी पाहिले आहेत. खांबापाशी आले की ते थांबत. हिरण्यकशिपूने विचारलेलं असे, या खांबात आहे का तुझा देव? आणि प्रल्हाद काही बोलणार, एवढ्यात बुवा उपरणं सारखं करायचे. मृदंगवाल्याकडं बघायचे. मग पुढं बसलेल्या एखाद्या पोराला विचारायचे, "का रे, शाळेत जातूस का?" पोरगं मान हलवायचं. "मास्तर मारतो का?" मंडपात हशा. बुवा खांबापासून दूर शाळेत, शाळेतून शेतात, शेतातून हमीभावात जाऊन यायचे, आणि एवढा वेळ मंडपातलं एक माणूस उठायचं नाही. वास्तविक शेवट कुणाला माहीत नव्हता? म्हाताऱ्यांनी तर तो आयुष्यभर दरसाल ऐकलेला. पुढं काय होणार हे ठाऊक नसणं म्हणजे उत्कंठा, असं मी समजत होतो. इथं सगळ्यांना सगळं ठाऊक होतं आणि तरी सगळे खांबाकडं बघत होते. मग बुवा हळूच परत यायचे, एकच बोट त्या नसलेल्या खांबावर टेकवायचे, आणि मंडपातून आपोआप "हूं" निघायचा.

इतकं डोळ्यासमोर असून माझ्या कथांचे शेवट कसे होते? गंगाखेडच्या रस्त्यावर ट्रक येत असे. पहिल्या ओळीपासून त्या ट्रकचा पत्ता नसे. नायक-नायिकेचं काय करावं हे मला सुचेनासं झालं की तो भरधाव यायचा आणि प्रश्न मिटवायचा. ट्रकचा कंटाळा आला तेव्हा साप आले. सापानंतर विहीर. एका कथेत मी वीज पाडली, तीही हिवाळ्यात. घरात सौभाग्यवतींनी एकदा सगळी बाडं वाचून विचारलं, "तुमच्या गोष्टीत म्हातारं होऊन कुणीच मरत न्हाई का वो?"

यात एक भाग हसण्यावारी नेण्यासारखा नाही, आणि तो सांगूनच पुढं जातो. मराठवाड्यात लिहायला बसणाऱ्या माणसाच्या हाताशी आणखी एक शेवट तयार असतो: कर्ज आणि फास. मी मोंढ्यात बसतो. माल विकून पट्टी हातात घेतलेल्या माणसाचा चेहरा कसा होतो हे मी रोज पाहतो, आणि म्हणून हा शेवट वापरताना माझा हात धजत नाही. खरा मृत्यू कुणाच्या तरी घरातला असतो. कथा संपत नाही म्हणून तो उसना आणणं बरं नव्हे. भास्कर चंदनशिवांची 'लाल चिखल' बहुतेकांनी शाळेत वाचलेली आहे. टमाट्याला भाव नाही, आणि बाप भर बाजारात आपलाच माल पायाखाली तुडवतो. कुणी मरत नाही त्या कथेत. ट्रक येत नाही. पण मोंढ्यात काम करणाऱ्या माणसाला ती वाचल्यावर दुसऱ्या दिवशी काट्याजवळ उभं राहणं जड जातं. हा शेवट त्या टमाट्यांतूनच आलेला आहे.

शेवटाचं असं, तर भाषेचं आणखी निराळं. सुरुवातीला माझ्या कथांतलं निवेदन सदाशिव पेठेत राहायचं आणि पात्रं पोखर्णीत. "तो विमनस्कपणे ओसरीवर बसला होता" असं लिहून झालं की पुढच्याच ओळीत तो म्हणायचा, "कामून बोलवलं बे मला?" विमनस्क माणूस असं बोलत नाही. आणि असं बोलणारा विमनस्क होत नाही. त्याचं डोकं फिरतं, नाहीतर त्याला गप गप वाटतं. रा. रं. बोराड्यांची 'पाचोळा' वाचली तेव्हा पहिल्यांदा हे कळलं. 1971 सालची कादंबरी. शिंप्याची बायको पारबती आपल्या बोलीत सगळं सांगते. संवादच नव्हे, निवेदनसुद्धा तिचंच. मराठवाड्यातली बाई पुस्तकभर बोलते आणि मधे कुणी शहाणा येऊन तिचं भाषांतर करत नाही. मी लगेच एक कथा सगळीच्या सगळी बोलीत लिहिली आणि एका मासिकाकडं पाठवली. छापून आली. उघडून बघतो तर मुद्रितशोधन करणाऱ्या सद्गृहस्थांनी प्रत्येक "येऊ लालाय"चं "येत आहे" आणि प्रत्येक "मपलं"चं "माझे" करून ठेवलेलं. भांडण चाललेलं होतं बांधावरून, आणि दोन्ही भाऊ आकाशवाणीवर बातम्या दिल्यासारखे भांडत होते.

ओळखीच्या माणसांवर लिहावं का, हा प्रश्न पुण्या-मुंबईत वाङ्मयीन असेल. गावात तो पोलीस पाटलाचा आहे. त्या छापून आलेल्या कथेत मी नावं बदलली, गाव बदललं, एका माणसाला मिशाही दिल्या. काही उपयोग झाला नाही. बैलाचा रंग बदलायचा राहिला होता. पारावर अंक फिरला आणि तांबड्या बांड्या बैलावरून भाऊ ओळखले गेले. थोरला भाऊ घरी आला. मी चहा करायला सांगितलं आणि मनातल्या मनात माफीचा मजकूर जुळवला. तो म्हणाला, "लिव्हलंस ते बरं केलंस. पर माह्या तोंडी तू दोनच शिव्या घातल्या. मी तवा सात दिल्त्या." मग त्याने त्या सातही म्हणून दाखवल्या. पुनर्लेखनाच्या वेळी मी त्यांतल्या तीन घेतल्या. उरलेल्या कुठलाच दिवाळी अंक छापणार नाही.

आता हुंकाऱ्याकडं परत येतो, कारण तो मला सापडला तो अगदी भलत्या ठिकाणी. मी हाताने लिहितो. संपादकांना मजकूर युनिकोडमध्ये हवा असतो. त्यामुळे परभणीतल्या एका डीटीपीच्या दुकानाशी माझा संबंध आला. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची निमंत्रणं, ग्रामपंचायतीचे ठराव, कुणाचा प्रबंध, कुणाचं जात पडताळणीचं शपथपत्र, आणि या सगळ्यांत मी. टाइप करणारा पोरगा विशीतला. अक्षर बघायचा, मजकूर बघायचा नाही. नजर कागदावर, बोटं कळफलकावर, आणि मन, मला वाटायचं, क्रिकेटच्या स्कोअरवर. कित्येक कथा त्याने अशा उतरवल्या. पानांचा आकडा सांगायचा, पैसे घ्यायचा. साहित्यावर त्याचं एवढंच भाष्य असे.

एक दिवस त्याची बोटं थांबली. मला वाटलं, अक्षर लागत नाही.

"काका, ह्या बाईनं घराला कुलूप लावलं न? किल्ली कुनापाशी हाय?"

"पुढं कळतं."

त्याने पान उलटलं. "पुढं कुठं? पुढं तर पाऊस पडायलाय."

मी वाकून बघितलं. पाऊस पडत होता खरा. पत्र्यावर पडत होता, कडुलिंबावर पडत होता, दोन पानं झाली तरी थांबायला तयार नव्हता.

"ह्या पावसाचे पैसे लागतेत बरं," तो म्हणाला. "पानावर रेट हाय."

मी पाऊस काढला. सगळा नाही, दोन ओळी ठेवल्या, मन होईना. आणि मग बाईच्या हातातली किल्ली कुठं जाते हे त्याच्याच बाकड्यावर बसून लिहिलं, कारण हा पोरगा वाट बघत होता. मी कागद पुढं केला. त्याने टाइप केलं, आणि वर न बघता म्हणाला, "मंग?"

पारितोषिकं मिळालेल्या लोकांना काय वाटत असेल ते मला माहीत नाही. त्या दिवशी मला घरी जायला एसटीची गरज वाटली नाही, इतकं सांगतो. तेव्हापासून माझं पहिलं वाचन तिथंच होतं. त्याची पद्धत सरळ आहे. कंटाळा आला की तो मधेच लग्नपत्रिका उघडतो. मी ती जागा पेन्सिलने खूण करून ठेवतो. मोंढ्यात मालाला कडता धरतात, काडीकचऱ्याचा आणि ओलीचा. त्याच्या लग्नपत्रिकांनी माझ्या कथांना तसा कडता लावला. एकदा मात्र त्याने मधेच विचारलं, "काका, हा शेवटी मरतो का?" मला आनंद झाला. म्हटलं, "का रे, वाईट वाटायलंय?" म्हणाला, "न्हाई, मरत असंल तर ही पत्रिका आधी घेतो. अर्जंट हाय."

पूर्वीच्या नवोदितांना हा हुंकारा संपादक देत. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांच्या 'सत्यकथे'च्या आठवणी लेखकांनी किती लिहिल्या आहेत. पटवर्धन लेखकाला सविस्तर पत्र धाडत, हे पात्र इथं असं का वागतं म्हणून विचारत, पुन्हा लिहायला लावत. 'सत्यकथा' 1982 साली बंद पडली. तिच्या निवडीवर रागावलेले पुष्कळ होते आणि त्यांच्या रागाला कारणं होती; आमच्या भागातल्या लिहिणाऱ्याला ते दार नेहमीच जरा उंच वाटलं. पण साभार परत आलेलं बाडसुद्धा कुणीतरी वाचून परत केलेलं असे, त्यावर निदान टाचणीचं भोक तरी नवं पडलेलं असे. आता व्हॉट्सअ‍ॅपवर फाइल जाते, दोन निळ्या खुणा येतात, आणि दिवाळी येऊन निघून जाते.

म्हणून लिहीत नाही, असल्या बहाण्यांना मात्र परभणी जिल्ह्यात जागा नाही, हे नव्या लिहिणाऱ्यांना सांगितलं पाहिजे. त्याला कारण बी. रघुनाथ. भगवान रघुनाथ कुलकर्णी, जन्म 1913, गाव सातोना. राज्य निजामाचं, सरकारी कारभार उर्दूत, मराठी प्रकाशक आणि मासिकं दूर पुण्या-मुंबईला, नोकरी बांधकाम खात्यात कारकुनाची. 1953 साली चाळिशीत हा माणूस गेला. तेवढ्यात 'बाबू दडके', 'जगाला कळलं पाहिजे' अशा कादंबऱ्या, 'साकी', 'छागल' हे कथासंग्रह, कविता, ललित लेख, आणि मागून 1954 साली आलेली 'आडगावचे चौधरी'. मला वेळ मिळत नाही, असं मी म्हणायला लागलो की मोंढ्यातले एक वाचक-हमाल मला फक्त विचारतात, "रघुनाथरावायला मिळत व्हता का?" मग मी गप बसतो. आणि हे जुन्या काळचं झालं म्हणावं, तर आसाराम लोमटे याच परभणीत पत्रकारिता करत लांब पल्ल्याच्या कथा लिहीत राहिले आणि 2016 साली त्यांच्या 'आलोक'ला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यांच्या कथेत माणूस तालुक्याच्या कचेरीत शिरला की वाचणाऱ्याला बाहेर पडायची घाई होत नाही. मी त्या कथा वाचताना ट्रकची वाट बघितली. सवय. आला नाही.

आता या पुस्तकाबद्दल. पहिल्या भागात लिहिण्याच्या धडपडीची टिपणं आहेत: सुरुवातीबद्दल, नावं ठेवण्याबद्दल, बोलीबद्दल, कथाकथनाबद्दल. माडगूळकर, शंकर पाटील आणि मिरासदार गावोगाव कथा सांगत फिरायचे, तशी सांगायला गेलं तर कथा आपोआप चांगली होईल असं वाटून मी एका गणेशोत्सवात उभा राहिलो होतो. त्यांच्या कथा आधी कागदावर ठाम उभ्या होत्या, मग व्यासपीठावर गेल्या, हा तपशील माझ्या नजरेतून सुटला होता. पुढचं त्या टिपणात आहे. दुसऱ्या भागात काही कथा आहेत. वाचकांनी त्या आधी वाचल्या तरी चालेल. टिपणं आधी वाचली तर कथांत पाऊस कुठं होता हे शोधत बसाल.

अक्षरजुळणी करणाऱ्या पोराचे आभार मानायचे होते. तो म्हणाला, आभाराचं पान वेगळं धरतो, त्याचा रेट घेत नाही. आत्या आता नाही. बाकी ज्यांच्या गोष्टी घेतल्या त्यांची नावं, गावं आणि या खेपेला बैलांचे रंगसुद्धा बदलले आहेत.

गावातल्या एका वडीलधाऱ्या माणसाची मात्र तक्रार उरली आहे. पुस्तकात सगळे आले, मला कामून घेतलं नाही, म्हणून ते रुसले आहेत. पुढच्या पुस्तकात घेतो म्हटल्यावर आता ते रोज संध्याकाळी येतात, ओट्यावर बसतात आणि सांगायला लागतात. त्यांची एक अट आहे: खऱ्यात झालं ते झालं, गोष्टीत त्यांची बैलजोडी विकायची नाही. मी अजून शब्द दिलेला नाही.

पोखर्णी (नृसिंह), जि. परभणी
नृसिंह जयंती